जुन्या भाडेकरूचं पत्र

मलकापूर म्हटलं की कुठलं, हे विचारावं लागतं. एक शाहूवाडी तालुक्यातलं, आंबा घाटाच्या वाटेवरचं. दुसरं कराडजवळ, तिसरं बुलढाणा जिल्ह्यात. असा नावांचा घोळ टळावा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी!

पण पिनकोड पत्राला गावच्या टपाल कार्यालयापर्यंत नेतो. घरातलं माणूस बदललं, हे त्याला कसं कळणार?

म्हणून भाड्याच्या घरात जुन्या बिऱ्हाडाची पत्रं येत राहतात. विम्याची नोटीस, बँकेचं पाकीट, एखादं मुलाखतीचं बोलावणं. अशी पत्रं फेकू नयेत आणि फोडू तर नयेतच; त्यात कुणाची नोकरी अडकलेली असू शकते.

नवा पत्ता ठाऊक असेल, तर जुना खोडून तो स्वच्छ अक्षरात लिहावा आणि न फोडलेलं पत्र पेटीत टाकावं. ठाऊक नसेल, तर ‘पत्ता सोडून गेले’ असा शेरा मारून पोस्टमनकडे परत द्यावं. ते पाठवणाऱ्याकडे परत जातं. पाकिटावर त्याचाही पत्ता नसेल, तर टपाल खात्याचं परतपत्र कार्यालय ते उघडून आत पत्ता शोधतं. तो अधिकार त्याच कार्यालयाचा.

घर सोडणाऱ्यांनीही नवा पत्ता टपाल कार्यालयात लेखी द्यावा, आणि बँकेत आधी.