दोन सर्व्हर एक होतात तेव्हा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



नालासोपारा पूर्वेला, आमच्या आचोळ्यात, ‘विलीनीकरण’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि आसपासची कितीतरी गावं मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. त्यातल्या काही गावांनी ‘आम्हाला वगळा’ म्हणून मोठं आंदोलन केलं आणि तो वाद पुढे अनेक वर्षं कोर्टात चालला. एवढ्या मोठ्या शहरात आपल्याला कोण विचारणार, आपलं गावपण उरेल का, ही भीती त्यामागे होती.

आज मी ज्या विलीनीकरणाबद्दल बोलणार आहे, ते मात्र कुठल्याही नकाशावर दिसत नाही. ते संगणकाच्या आणि मोबाईलच्या पडद्याआड घडतं. घरातला कॉलेजात जाणारा मुलगा एक दिवस जेवताना गप्प असतो. विचारलं तर म्हणतो, ‘आमचा सर्व्हर मर्ज झाला.’ आईवडिलांना वाटतं, खेळच तो, त्यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे? त्याचंच उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी सर्व्हर म्हणजे काय ते पाहू. इंटरनेटवर हजारो माणसं एकाच वेळी एकच खेळ खेळतात, पण सगळी एकाच ठिकाणी मावत नाहीत. म्हणून कंपनी त्याच खेळाच्या अनेक प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर चालवते. प्रत्येक प्रत म्हणजे जणू एक स्वतंत्र गाव. डोंगर, किल्ले, राक्षस सगळीकडे सारखे. माणसं मात्र वेगळी. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झालेला खेळ याच पद्धतीचा. तिथे तुमच्या गावचा बाजार असतो, त्यात भाव चढतात-उतरतात. गिल्ड असतात. गिल्ड म्हणजे आपलं गोविंदा पथकच समजा. मोठ्या मोहिमेला सुरुवातीच्या काळात ४० माणसं लागत. वरच्या थराचा गडी आला नाही तर हंडी फुटत नाही, तसंच तिथे दोघे-चौघे आले नाहीत तर मोहीम निघत नाही.

आता गंमत अशी, की सर्व्हर किती उघडायचे हे कंपनीला पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं आणि पहिला दिवस नेहमी फसवा असतो. संध्याकाळच्या विरार फास्टची गर्दी पाहून कुणी ठरवलं, की रात्री शेवटच्या गाडीलाही एवढीच माणसं असणार, तर कसं होईल? डिसेंबर २०११ मध्ये ‘स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक’ हा खेळ आला, तेव्हा नेमकं हेच झालं. गर्दी सामावून घेण्यासाठी शंभरावर सर्व्हर उघडले गेले. काही महिन्यांत त्यातले बरेच ओस पडले आणि २०१२ च्या मध्याला कंपनीने लोकांना मोजक्या सर्व्हरवर हलवलं. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये उरलेल्यांचेही विलीनीकरण होऊन ५ सर्व्हर राहिले.

ओस पडलेला सर्व्हर ही खरोखर वाईट गोष्ट. बाजारात वस्तू नाही, मोहिमेला माणूस नाही, नवा आलेला गडबडून निघून जातो. तेव्हा विलीनीकरण मुळातच चूक आहे असं म्हणता येत नाही. कमी पटाच्या दोन शाळा एकत्र केल्या तर निदान कबड्डीचा संघ तरी उभा राहतो.

पण त्याची किंमत कोण मोजतं? पहिला प्रश्न नावाचा. एका सर्व्हरवर ‘वादळ’ नावाचा लढवय्या आहे, दुसऱ्यावरही आहे. एकाला नाव सोडावं लागणार. पाच-सहा वर्षं ज्या नावाने लोक हाक मारतात, ते एका सकाळी काढून घेतलं जातं. दुसरा प्रश्न बाजाराचा. दोन गावांचं साठवलेलं सोनं एकत्र आलं, की भाव पार बदलतात. कालचा सावकार आज चारचौघांतला एक होतो. तिसरा प्रश्न मानाचा. छोट्या गावातल्या पहिल्या पथकाला मोठ्या गावात विसावा नंबरही मिळत नाही. म्हणून तो मुलगा जेवताना गप्प असतो. गेला तो त्याचा खेळ नाही, त्याची ओळख गेलेली असते.

काही कंपन्यांनी यातून शहाणपणाने वाट काढली. वॉरक्राफ्टच्या मंडळींनी २०१३ मध्ये सर्व्हर मोडण्याऐवजी ते एकमेकांना जोडायला सुरुवात केली. बाजार एक झाला, मोहिमा एकत्र निघू लागल्या, पण नाव कुणाचंच गेलं नाही. नावापुढे मूळ सर्व्हरचं नाव लागतं. एका गावात दोन गणपत असले की आपणही आडनावाने किंवा आळीने ओळखतोच की! आइसलंडच्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या खेळाने तर २००३ पासून जवळजवळ सगळ्यांना एकाच विश्वात ठेवलं आहे. तिथे एखाद्या लढाईत हजारो माणसं जमली आणि यंत्राला दम लागला, तर तेवढ्या भागात काळच संथ केला जातो. लढाई तासन् तास चालते, पण बाहेर कुणाला काढत नाहीत.

इथपर्यंत ठीक. पण माझा खरा मुद्दा पुढेच आहे. सर्व्हर ओस का पडतात? दर वेळी खेळ वाईट असतो म्हणून नाही. बऱ्याचदा कारण असतं ते नव्या मजकुराच्या वेगात. नवा प्रदेश, नवी मोहीम, नवी कथा किती दिवसांनी द्यायची, याचा ताल चुकतो.

पुन्हा वॉरक्राफ्टचंच उदाहरण घेऊ. २०१० मध्ये या खेळाचे १ कोटी २० लाख वर्गणीदार होते. नंतर ओहोटी लागली. नोव्हेंबर २०१४ मध्ये नवा मोठा भाग आला आणि संख्या पुन्हा १ कोटीवर गेली. पण २०१५ च्या मध्याला ती ५६ लाखांवर आली. त्या जूनमध्ये आलेल्या भरीनंतर पुढचा मोठा भाग येईपर्यंत ऑगस्ट २०१६ उजाडला. १४ महिने तीच मोहीम, तेच राक्षस! सर्व्हर जोडण्याची व्यवस्था तर तेव्हा होतीच. तिने रिकामी घरं एका आळीत आणली. नवीन माणूस आणला नाही, आणि जाणाऱ्याला थांबवलंही नाही. विलीनीकरणाने माणसं गोळा होतात, टिकतात ती तालाने. ताल न सुधारता केलेलं विलीनीकरण म्हणजे गळक्या दोन हंड्यांचं पाणी तिसऱ्या गळक्या हंड्यात ओतणं.

मग रोज नवीन काहीतरी द्यावं का? तेही नाही. ‘फोर्टनाइट’ या खेळात अतिशय झपाट्याने बदल होत. २०१९ मध्ये ‘पॉलिगॉन’ या संकेतस्थळाने त्यामागची बाजू मांडली. तिथले काही कर्मचारी आठवड्याला ७० तास काम करत होते. म्हणजे खेळणाऱ्याला कंटाळा येऊ नये म्हणून करणाऱ्याची झोप गेली. आणि खेळणाऱ्याचं तरी काय? दर आठवड्याला ‘आता नाही तर कधीच नाही’ असं बक्षीस समोर लटकत असेल, तर खेळाची नोकरी होते, तीही बिनपगारी.

यात मला जपानच्या ‘फायनल फँटसी १४’चा मार्ग बरा वाटतो. २०१३ मध्ये हा खेळ नव्याने बांधून आणला गेला. साधारण चार महिन्यांनी भर घालायची, दोन-अडीच वर्षांनी मोठा भाग आणायचा, असा ठरलेला क्रम त्यांनी ठेवला. त्याचे निर्माते नाओकी योशिदा खेळाडूंना उघडपणे सांगत आले आहेत, की मधल्या काळात दुसरं काही खेळा, नवी भर आली की परत या. आपल्याकडे जत्रा वर्षातून एकदाच भरते, म्हणूनच मुंबईचा चाकरमानी रजा काढून गावी जातो. जत्रा रोज भरली तर तिचा बाजार होईल, आणि तिथीच जाहीर केली नाही तर कुणी फिरकणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये या खेळाला इतकी गर्दी झाली, की कंपनीने काही काळ नवी विक्रीच थांबवली. आधी आत असलेल्यांना जागा द्यायची, मग नवे घ्यायचे. धंद्यात असं पाऊल विरळाच.

आता आपल्या घरी येऊ. आचोळ्याच्या तलावाशी आणि जिन्याखाली बसून मुलं ज्या खेळात रंगायची, तो ‘पबजी मोबाईल’ २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ११८ ॲपमध्ये होता. ३० ऑक्टोबरला त्याची इथली सेवा थांबली. २ जुलै २०२१ रोजी ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ या नावाने तो खास भारतासाठी परत आला. जुन्या खात्यातला ऐवज नव्यात नेण्याची सोय होती. पुढे २८ जुलै २०२२ रोजी तोही मोबाईलच्या दुकानांतून गेला आणि मे २०२३ मध्ये परतला, तो १८ वर्षांखालील मुलांना दिवसाला ३ तासांची मर्यादा घेऊनच. या ये-जा करण्यात पोशाख, बंदुका, बिल्ले हलवता आले. पण मधल्या काळात कुणी नोकरीला लागला, कुणाची बारावी आली, कुणी दुसऱ्याच खेळात रमला. पांगलेली मंडळी जमवण्याचं बटण कुठल्याच कंपनीकडे नसतं.

आज आपल्याकडेही असे खेळ तयार होत आहेत. पुण्याच्या ‘सुपरगेमिंग’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ हा खेळ आणला. या क्षेत्रात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना मी एवढंच सांगेन: सर्व्हर कमी उघडा, गर्दी झाली तर थोडी रांग लागू द्या. जेवढं वर्षभर झेपेल तेवढंच कबूल करा आणि तारीख पाळा. विलीनीकरण करावंच लागलं, तर सर्व्हर पुरता ओस पडण्याआधी करा, पुरेशी आगाऊ सूचना द्या आणि कुणाचं नाव काढून घेऊ नका.

आणि पालकांनो, मुलगा म्हणाला, ‘सर्व्हर मर्ज झाला,’ तर हसू नका. तुझ्याबरोबर कोण कोण होतं, एवढं विचारा. तो नावं सांगू लागेल. त्यातली चार नावं फोन नंबरासह त्याच्याकडे असली, तर सर्व्हर राहो की जावो, त्याचं पथक शाबूत राहील.