असत्य आणि मतदाराची संमती

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



राजकारणात थोडेफार खोटे बोलावेच लागते, असे आपल्यातलेही काही जण खाजगीत म्हणतात. त्याची किंमत कोण मोजतो, हे एका उदाहरणावरून पाहू.

२ ऑगस्ट १९६४ रोजी टोंकिनच्या आखातात अमेरिकन युद्धनौकेची उत्तर व्हिएतनामच्या नौकांशी चकमक झाली. ४ ऑगस्टला दुसरा हल्ला झाल्याचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी जाहीर केले. घटनास्थळावरील नौदल अधिकाऱ्यानेच त्याविषयी शंका कळवली होती; तरीही पुरावा निर्विवाद असल्याचे लोकप्रतिनिधींना सांगण्यात आले. ७ ऑगस्टला त्यांनी युद्धाचे अधिकार राष्ट्राध्यक्षांच्या हाती दिले. सिनेटमध्ये मोर्स आणि ग्रुएनिंग या दोघांनीच विरोधी मत दिले. तो दुसरा हल्ला झालाच नव्हता. पुढे त्या युद्धात ५८ हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक आणि लक्षावधी व्हिएतनामी माणसे मेली.

सुरुवातीला राज्यकर्त्यांचा त्या वार्तेवर विश्वास बसलाही असेल. परंतु मनात शंका असताना खात्री सांगणे हेही असत्यच होय.

राष्ट्रहितासाठी असे करावे लागते, हा नेहमीचा बचाव. पण गुप्तता आणि असत्य यांत भेद आहे. ‘हे आज सांगता येणार नाही’ म्हणणाऱ्या नेत्याला ‘का नाही?’ असा जाब विचारता येतो. खोटे सांगणारा तो प्रश्नच उद्भवू देत नाही. लोकशाहीत सत्तेला जनतेच्या संमतीचा आधार असतो. फसवून घेतलेली संमती ही संमतीच नव्हे.

१९७१ साली डॅनियल एल्सबर्ग यांनी या युद्धाची गुप्त कागदपत्रे वृत्तपत्रांना दिली आणि ती छापण्याचा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. पण त्याआधीच, १९६८ साली, मोर्स आणि ग्रुएनिंग या दोघांनीही आपल्या जागा गमावल्या होत्या. सत्याची बाजू घेणारा निवडून येतोच, असे आश्वासन मी तुम्हांला देणार नाही.

साधनशुचितेचा प्रश्न आपल्या दाराशीही आहे. मोर्च्यात पाचशे माणसे असताना पाच हजारांचा आकडा देताना आपण म्हणतो, आपली बाजू तर न्यायाची आहे! युद्ध पुकारणाऱ्यांनाही आपली बाजू न्यायाचीच वाटत होती. तेव्हा उद्याच्या वृत्तान्तात पाचशेच लिहा. सत्ताधाऱ्यांना खोटेपणाचा जाब विचारण्याचा नैतिक अधिकार त्यानेच आपल्याजवळ राहील.