परिक्रमावासीची एकच नाव

जबलपूरच्या ग्वारीघाटावर सकाळपासून नावांची ये-जा चालू असते. पैलतीरावर गुरुद्वारा आहे; तेथे जाणारे भाविक, नवस फेडावयास आलेली कुटुंबे, पलीकडच्या गावांतून शहरात कामासाठी येणारी माणसे, असे सर्व प्रकारचे उतारू त्या नावांत असतात. नाव भरली की नावाडी ती सोडतो आणि थोड्याच मिनिटांत दुसऱ्या काठाला लावतो. याच घाटाच्या पायऱ्यांवर एखादे वेळी असाही मनुष्य बसलेला दिसतो की ज्याला पैलतीरी जावयाचे तर आहे, परंतु या नावेत पाऊल ठेवण्याची मुभा नाही. हाती दंड, जवळ कमंडलू, पाठीवर वळकटी आणि नर्मदेचे पाणी भरलेली लहानशी कुपी, एवढाच त्याचा संसार. तो नर्मदेचा परिक्रमावासी. नर्मदा उजव्या हाताला ठेवून चालावयाचे आणि तिचे पात्र कोठेही ओलांडावयाचे नाही, हा त्याचा नेम. समोर दिसणारा काठ गाठण्यासाठी तो पूर्वेकडे तोंड करतो, मंडल्यावरून अमरकंटकास जातो, तेथे उगमाला वळसा घालतो आणि दक्षिण तटाने परत फिरतो. नावेने जी वाट काही मिनिटांची, तिच्यासाठी त्याला सुमारे आठशे किलोमीटर चालावे लागते.

जबलपूरच्या मराठी घरांना हे दृश्य नवे नाही. १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. त्या काळापासून आणि पुढे रेल्वे आल्यानंतरही येथे मराठी कुटुंबे वसत आली. महाराष्ट्रातून परिक्रमेसाठी येणाऱ्यांची संख्याही मोठी. गो. नी. दांडेकरांनी तरुणपणी नर्मदेच्या काठाने जी भ्रमंती केली, तिच्यातून ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ उभी राहिली, हे मराठी वाचक जाणतातच. खुद्द जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड यांनी १९७७ साली, वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, येथूनच मंडल्याच्या दिशेने आपली पहिली पदयात्रा केली आणि पुढे कित्येक वर्षे तुकड्यातुकड्याने ते नर्मदेच्या काठाने चालत राहिले.

या सगळ्या पायी चालण्यात नाव येते ती फक्त एकदाच. नर्मदा खंबायतच्या आखाताला जेथे मिळते, तेथे वळसा घालावयास भूमीच उरत नाही. म्हणून दक्षिण तटावरील विमलेश्वर येथे परिक्रमावासी नावेत बसतो आणि समुद्रातून उत्तर तटावरील मिठी तलाई येथे उतरतो. नदी ओलांडली असे शास्त्र मानीत नाही. कारण ही नाव नदीतून नव्हे, तर समुद्रातून जाते. तत्पूर्वी भरूचजवळ त्याला पूल दिसलेले असतात. इंग्रजी अमदानीत १८८१ साली पुरा झालेला जुना लोखंडी पूल तर प्रसिद्धच आहे. त्यावरून जावे तर अर्ध्या तासात उत्तर तट गाठता येतो. परंतु तो मार्ग त्याच्यासाठी नाही. पुलाकडे पाठ फिरवून तो समुद्राच्या दिशेने चालू लागतो.

हा एकुलता एक जलप्रवास साधण्यासाठी ग्वारीघाटावरच हिशोब मांडावा लागतो. चातुर्मासात परिक्रमा थांबते, म्हणून बहुतेक यात्रेकरू कार्तिकातील प्रबोधिनी एकादशीनंतर निघतात. जबलपूरहून अमरकंटक सुमारे चारशे किलोमीटर आणि तेथून समुद्रापर्यंत नदीची लांबीच १,३१२ किलोमीटर. दिवसाला वीस किलोमीटर धरले तरी पंच्याऐंशी दिवसांची चाल झाली. त्यात पाय सुजल्याचे दिवस, एखाद्या आश्रमात आग्रहाने ठेवून घेतल्याचे दिवस, सदावर्ताच्या शिध्यासाठी घेतलेले फेरे, हे सारे मिळवले की विमलेश्वर येते ते फाल्गुनाच्या आगेमागे. तेथून उत्तर तटाने ग्वारीघाटापर्यंत पुन्हा सुमारे नऊशे किलोमीटर उरतात, तीही पाऊस पडण्यापूर्वी आटोपावयाची. नाव फार उशिरा मिळाली, तर उरलेली वाट वैशाखाच्या उन्हात तुडवावी लागते किंवा एखाद्या गावी चातुर्मास काढावा लागतो. ज्यांनी जुन्या रीतीप्रमाणे तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांचा संकल्प सोडलेला असतो, त्यांना अर्थातच ही घाई नसते.

वाटही पूर्वीची राहिलेली नाही. जबलपूर सोडताच बरगीच्या धरणाचा विस्तीर्ण जलाशय आडवा येतो. १९९०च्या सुमारास तो भरला तेव्हा शंभरांहून अधिक गावे बाधित झाली, काठाची पायवाट पाण्याखाली गेली. जलाशयाच्या काठी राहणारे लोक आज एका गावाहून दुसऱ्या गावी नावेने जातात. परिक्रमावासीला मात्र प्रत्येक फाट्याला वळसा घालीत चालावे लागते. पुढे शूलपाणीच्या अरण्यात सरदार सरोवराचे पाणी भरल्यापासून पुष्कळ जण नंदुरबार जिल्ह्यातील शहादे-प्रकाशे या बाजूने लांबचा फेरा घेतात. जुन्या पोथीतील मुक्कामांवर विसंबून नावेचा दिवस ठरविणाऱ्याचा हिशोब म्हणूनच हमखास चुकतो.

आणि विमलेश्वरास पोहोचल्यावर असे कळते की, आपण केलेला हिशोब हा निम्माच होता. उरलेला निम्मा समुद्राच्या हाती आहे. खंबायतचे आखात नरसाळ्यासारखे आत निमुळते होत गेलेले आहे. भरतीचे पाणी त्यात कोंडले जाऊन उंच चढते. भावनगरजवळ भरती-ओहोटीतील फरक दहा मीटरच्या घरात जातो. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यापासून दूरवर निव्वळ गाळ पसरलेला असतो आणि जेथे सायंकाळी नाव तरंगत होती तेथे सकाळी ती कुशीवर कललेली दिसते. तेव्हा नाव सुटावयाची ती भरतीलाच, आणि मिठी तलाईला लागावयाची तीही पाणी उतरण्यापूर्वी. मधला प्रवास साधारणतः तीन-चार तासांचा. एवढ्या वेळात इकडची खाडी भरलेली आणि तिकडचा काठ पाण्याखाली असा मेळ जमला, तरच उतारू कोरड्या पायांनी उतरतात. तो चुकला तर गुडघाभर गाळ तुडवणे आले.

कोकणच्या किनाऱ्यावरील माणसाला हा मेळ समजावून सांगावा लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हे तेथील जुने गणित आहे: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. खंबायतच्या आखातात तेच पाणी आणखी आत शिरावयाचे असल्याने भरती मुंबईहून उशिरा लागते, एवढाच फरक. दररोज ती सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. त्यामुळे आज पहाटे सुटलेली नाव आठवड्याने भलत्याच प्रहरी सुटते; कधी यात्रेकरूंना मध्यरात्री उठवून अंधारात काठावर नेले जाते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी भरपूर, पण त्याचा ओढही तितकाच दांडगा. अष्टमीच्या सुमाराच्या भांगाला पाणी शांत, परंतु ते थोडेच चढते आणि लवकर उतरते. शिडांच्या काळात याखेरीज वाऱ्याचीही मर्जी सांभाळावी लागे. आज नावांना इंजिने आली, वाऱ्याची चिंता पुष्कळशी मिटली. भरतीची मात्र मिटली नाही.

या पाण्याने जगातील जुन्या खलाशांनाही असेच खोळंबून ठेवले होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या नौकानयनाच्या ग्रंथात नर्मदेच्या मुखाचे वर्णन आहे. भरूचला त्यात बारुगाझा म्हटले आहे. भरतीच्या लोंढ्याने गलबते कशी फेकली जातात, लहान नावा कशा उलटतात, हे सांगून तो व्यापारी लिहितो की राजाच्या सेवेतील स्थानिक कोळी मोठ्या नावा घेऊन परदेशी गलबतांना सामोरे जातात, त्यांना वाट दाखवीत व ओढीत आत आणतात. भरती लागली की पुढे सरकावयाचे आणि ओहोटीत ठरलेल्या जागी नांगर टाकून थांबावयाचे. विमलेश्वरचा तांडेल आज याहून वेगळे काही करीत नाही.

त्या ग्रीक खलाशाला हे सारे विलक्षण वाटले असल्यास नवल नाही, कारण भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी नाममात्रच असते. तेथे मालक वारा. एजियन समुद्रातील लहान बेटांवर उन्हाळ्यात जाणाऱ्या प्रवाशाला मेल्तेमी नावाच्या उत्तरेकडील वाऱ्याचा हिशोब ठेवावा लागतो; तो वाढला की बोटी बंदरातच राहतात. म्हणून परतीचे विमान ज्या दिवशी असेल, त्याच्या आदल्याच दिवशी बेट सोडून अथेन्सजवळचे पिरिअस बंदर गाठावे, असा सल्ला जाणकार देतात. विमलेश्वरला येणाऱ्यानेही हाच सल्ला मानावा: हातचे दोन-तीन दिवस राखून यावे.

हे विशेषतः सांगावयाचे ते मोटारीने परिक्रमा करणाऱ्यांना. अलीकडे पंधरा-वीस दिवसांत बसने परिक्रमा घडविली जाते. विमलेश्वरला यात्रेकरू नावेत बसतात आणि रिकामी बस भरूचच्या पुलावरून वळसा घालून मिठी तलाईला त्यांची वाट पाहत उभी राहते. परतीची रेल्वेची तिकिटे मात्र दोन महिने आधी काढलेली असतात. मग भरतीची वेळ जवळ आली की मंडळी अधीर होतात आणि या खेपेत आपलीच वर्णी लागावी म्हणून नावेत दाटी करू पाहतात. श्रद्धेने नावेचा भार हलका होत नाही. तांडेलाने पुढच्या भरतीला या म्हटले, तर पुढच्याच भरतीला जावे.

सरकारी योजनांनाही या गाळापुढे हार खावी लागली आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये घोघा आणि दहेज यांच्या दरम्यान मोठ्या बोटीची सेवा सुरू झाली. सौराष्ट्रातून भरूचकडे येण्याचा शेकडो किलोमीटरचा वळसा तीसेक किलोमीटरच्या जलमार्गावर आला. परंतु दहेजच्या बाजूला गाळ साचून बोटीला पुरेसे खोल पाणी मिळेना, आणि २०२०च्या नोव्हेंबरात ती सेवा हजिऱ्याला हलवावी लागली.

मिठी तलाईला उतरलेल्या परिक्रमावासीला प्रथम दिसतात त्या दहेजच्या कारखान्यांच्या चिमण्या. तेथून नर्मदा पुन्हा उजव्या हाताला घेऊन तो पूर्वेकडे चालू लागतो. वाटेत ओंकारेश्वर लागते. मांधाता हे तेथील बेट नर्मदेच्या पात्रातच आहे. ज्योतिर्लिंगाचे मंदिर त्यावर. पूल आहेत, नावा आहेत, शिखर डोळ्यांसमोर आहे. पण बेटावर जाणे म्हणजे धारा ओलांडणे, म्हणून तो काठावरूनच हात जोडतो आणि ग्वारीघाटाकडे निघतो. तेथे संकल्प पुरा झाल्यानंतर, कन्याभोजन घालून, तो रेल्वेने किंवा बसने पुन्हा ओंकारेश्वरास येतो. कुपीतील पाणी ओंकारेश्वराला वाहावयाचे असते. आता त्याला नावेत बसता येते. घाटावरचा नावाडी त्याला नेहमीप्रमाणे विचारतो, ‘‘जाऊन येऊन, की नुसते जाण्याचे?’’