व्हिडिओ थांबवा, वही उघडा



'स्वयं' हे केंद्र सरकारचं ऑनलाइन शिक्षणाचं पोर्टल.
२०१७ मध्ये सुरू झालं.
इथे मिळवलेले क्रेडिट पदवीत धरता येतात.
आपल्या कॉलेजला निवडलेला विषय मान्य आहे ना,
एवढं आधी विचारून घ्या.

गणित मात्र इथे अनेकांना अडवतं.
सिन्नरची, नाशकातल्या सिडकोतली मुलं रात्री मोबाइलवर तास बघतात.
बघताना सगळं समजतं.
समजा, साइन एक्स वर्गाचं विकलन चाललंय.
उत्तर येतं…
कॉस एक्स वर्ग, गुणिले दोन एक्स.
हे दोन एक्स आलं कुठून?

इथेच व्हिडिओ थांबवा.
वही उघडा.
आतल्या एक्स वर्गाचं विकलन स्वतः करा.
मगच पुढे जा.

पण एकट्याने सगळं सुटत नाही.
आपल्या नाशकातलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ
१९८९ पासून दूरशिक्षण देतंय.
तिथेही अभ्यासकेंद्रांवर समोरासमोरचे तास ठेवले आहेत.
मला हे फार मोलाचं वाटतं.
तेव्हा अडलं, की कॉलेजातल्या सरांना, मॅडमना निःसंकोच विचारा.

पुन्हा सांगते…
व्हिडिओ थांबवा, वही उघडा.

'स्वयं'चे स्वाध्याय घरून पाठवता येतात.
अंतिम परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यावी लागते.
तिची नोंदणी वेगळी असते.
ती मुदतीत करा.