सत्त्याण्णव अंशांचे आधण

आधण हा शब्द शहरी घरांतून आता मागे पडत चालला आहे. भातासाठी किंवा डाळीसाठी चुलीवर चढवलेले, उकळीला आलेले पाणी म्हणजे आधण. ‘आधण आले की तांदूळ वैर’, एवढे सांगितले की पुरे होत असे. आधण आले म्हणजे काय झाले, हे कुणी कुणाला समजावून देत नसे. पाण्याच्या बदलत्या आवाजावरून, भांड्याच्या कडेला धरणाऱ्या बुडबुड्यांवरून ते कळायचे. शाळेत मात्र मुलांना पाणी शंभर अंशांवर उकळते असे शिकवतात. घरचे आधण आणि शाळेतील शंभर अंश या एकाच गोष्टी आहेत, हा विचार पुष्कळांच्या मनात जन्मभर येत नाही. आणि त्या दोन्ही अगदी एकच नाहीत, हे तर फार थोड्यांच्या ध्यानात येते. ते कळायला गाव सोडावे लागते आणि स्वतः चुलीपुढे उभे राहावे लागते.

देवगडचा एक तरुण डोळ्यांपुढे आणावा. अभियांत्रिकीची पदविका घेऊन तो बोम्मसंद्र्यास नोकरीला गेलेला आहे. बंगळूरहून होसूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, आनेकल तालुक्यात, हे ठिकाण आहे. जुने गाव मागे राहिले आहे आणि त्याच्याभोवती औषधांचे, यंत्रांच्या सुट्या भागांचे, नाना प्रकारचे कारखाने उभे राहिले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये बंगळूरच्या मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली, ती आर. व्ही. रोडपासून सुमारे १९ किलोमीटर धावून येथे येऊन थांबते. गावाच्या नावातही एक गंमत आहे. कन्नड ग्रामनामांतील ‘संद्र’ हे ‘समुद्र’ शब्दाचे झिजलेले रूप मानले जाते. मोठ्या तळ्याला समुद्र म्हणण्याची त्या प्रदेशात जुनी रीत होती. बोम्म म्हणजे ब्रह्मा. तेव्हा समुद्रकाठचा मुलगा दोन घाट-पठारे ओलांडून गेला तो पुन्हा एका समुद्राच्याच नावावर! बंगळूर १६३८ नंतर शहाजीराजांची जहागीर होती, एवढे त्याला शाळेने शिकवले होते. तेथे पाणी किती अंशांवर उकळते, ते शिकवले नव्हते.

एकट्या राहणाऱ्या मराठी माणसाच्या जेवणाचा इतिहास लिहायचा झाला तर तो बहुतांशी दुसऱ्यांच्या स्वयंपाकाचा इतिहास होईल. पुण्यात शिकायला आलेला गरीब विद्यार्थी माधुकरी मागे, किंवा सात घरी सात वार लावून जेवे. मुंबईच्या गिरण्यांत आलेला कोकणचा आणि घाटावरचा कामगार बायकामुले गावी ठेवून दहाजणांत एक खोली घेई आणि खाणावळीत जेवे. ती खाणावळ चालवणारी बाई बहुधा अशाच एखाद्या खोलीत राहत असे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, ते याच बायकांना सावकाराच्या हातून सोडवण्यासाठी. हजारो पुरुष वर्षानुवर्षे एकटे राहिले. पण त्यांतील बहुतेकांना भात कसा होतो हे पाहण्याची वेळ आली नाही. आजच्या तरुणाची खाणावळ त्याच्या हातातील दूरध्वनीत आहे. बोट टेकवले की डबा दारात येतो.

आपला तरुणही पहिले सात-आठ महिने तसाच जेवला. अन्नाला नावे ठेवण्यासारखे काही नव्हते. पण कामावरून यावे, डबा उघडावा, पडद्यावर काहीतरी पाहत तो संपवावा आणि डबा टाकून द्यावा, असे दिवस एकामागून एक जाऊ लागले, आणि महिन्याच्या अखेरीस मागे वळून पाहावे तर त्यांतील एकही दिवस दुसऱ्याहून वेगळा ओळखता येईना. एकटेपणा म्हणतात तो हाच. माणसे भोवती नसण्याचे दुःख एक वेळ सोसते. दिवसाला चेहराच नसणे सोसत नाही. एका रविवारी त्याने एक पातेले, एक तवा, डाव आणि शेरभर तूरडाळ विकत आणली आणि आईला विचारले, आमटी कशी करतात?

आईची उत्तरे ठरलेली होती. डाळ किती घ्यायची? मूठभर. पाणी किती? डाळीच्या वर दोन पेरे. किती वेळ शिजवायची? शिजेपर्यंत. फारच खोदून विचारले तेव्हा, ‘पाऊण तासात शिजेल रे, अगदीच जून असली तर तासाभरात’, असे ती म्हणाली. तास झाला. डाळ पाण्यात दाण्यासारखी दाणा उभीच होती. दीड तासाने तिचा बाहेरचा भाग सुटला, आत कणी राहिली. ती कचकच करणारी आमटी त्याने भाताबरोबर खाल्ली. आईने आधी डाळीला दोष दिला, मग शेगडीला, आणि शेवटी पातेल्याला.

पातेल्याला दोष देणारी ती पहिली नव्हे. मार्च १८३५ मध्ये चार्ल्स डार्विन दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत ओलांडत होता. एका रात्री बटाटे शिजत ठेवले ते सकाळपर्यंत विस्तवावर राहिले आणि तरी कच्चेच होते. डार्विनला कारण ठाऊक होते. पण त्याच्या दोघा सोबत्यांनी आपापसांत चर्चा करून निर्णय दिला, की भांडे नवे आहे आणि मेल्याला बटाटे शिजवायचेच नाहीत! ही हकीकत डार्विनने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवली आहे. शास्त्रज्ञाच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या माणसांनाही शास्त्रापेक्षा भांड्याचा स्वभाव अधिक पटतो, यात नवल वाटण्याचे कारण नाही. स्वयंपाकघरात भांड्यांना स्वभाव असतातच.

तरुणाने कारखान्यातून एक तापमापक मागून आणला. पाणी खळखळ उकळू लागल्यावर त्यात धरला. पारा सत्त्याण्णवावर चढला आणि तेथेच राहिला. त्याने शेगडी मोठी केली. पाण्याची खळबळ वाढली, वाफ वाढली, पारा हलला नाही. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर वसले आहे. तेथे डोक्यावरची हवा देवगडपेक्षा थोडी कमी, म्हणून तिचा दाबही कमी. आणि दाब कमी म्हणून पाण्याला वाफ होऊन निसटणे सोपे. दर तीनशे मीटरांमागे उकळण्याचा बिंदू साधारण एक अंशाने खाली येतो. पुण्यात तो अठ्ठ्याण्णवाच्या आसपास असतो, महाबळेश्वरी पंच्याण्णव-शहाण्णवाच्या, लेहला तर अठ्ठ्याऐंशीच्या. उकळते पाणी म्हणजे तापण्याची हद्द संपलेले पाणी. पुढची सारी आच ते वाफेच्या रूपाने उधळून देते. बोम्मसंद्र्याच्या डाळीला देवगडची आच मिळतच नव्हती.

म्हणून तर कुकर. फ्रान्समधून इंग्लंडात गेलेल्या देनी पापँ याने १६७९ मध्ये असे घट्ट झाकणाचे भांडे रॉयल सोसायटीपुढे मांडले आणि १६८२ मध्ये तेथील विद्वानांना त्यात शिजवलेले जेवण घातले. हाडेसुद्धा त्यात मऊ झाली होती. कुकरवरचे वजन वाफ कोंडून धरते, दाब वाढतो आणि पाणी एकशे वीसच्या आसपास तापते. मात्र तेथेही बाहेरच्या हवेचा हिशेब सुटत नाही. ज्या कुकरात कोकणात तीन शिट्ट्या पुरतात, त्यात पठारावर एखादी अधिक द्यावी लागते.

पण तीन अंशांनी एवढा फरक पडावा काय, हा प्रश्न उरलाच होता. त्याचे उत्तर तळमजल्यावर राहणाऱ्या वृद्ध बाईंनी दिले. त्यांना सारेजण अज्जी म्हणत. अज्जी आणि आजी यांत अंतर ते किती! त्यांना हिंदी बेताचे येई, याला कन्नड येत नव्हते; पण कोत्तंबरी म्हणजे कोथिंबीर, जीरिगे म्हणजे जिरे, तुप्प म्हणजे तूप आणि सारू म्हणजे आपले सारच, एवढ्या भांडवलावर स्वयंपाकाचे संभाषण उत्तम चालते. अज्जींनी वर येऊन त्याची पाण्याची किटली उघडून दाखवली. आत पांढरा थर चढला होता. डाळ या पाण्यात शिजवायची नाही, पिण्याच्या पाण्यात शिजवायची, आणि आधी दोन तास भिजत घालायची. त्या भागात कूपनलिकांचे पाणी पुष्कळ वापरतात; खडकातून आलेल्या त्या पाण्यात चुन्याचा अंश असतो. डाळीच्या पेशी ज्या पदार्थाने एकमेकींना चिकटलेल्या असतात त्यालाच हा चुना जाऊन घट्ट करतो, आणि डाळ शिजता शिजत नाही. आंबटाचेही असेच आहे. आईने बजावले होते, आमसुले डाळ शिजल्यावरच घालायची, आधी घातलीस तर डाळ ‘रुसेल’. आंबट पदार्थही पेशींची ती चिकटण सुटू देत नाही. आईच्या भाषेत रुसणे, रसायनशास्त्राच्या भाषेत आणखी काही. आमटीच्या दृष्टीने दोन्ही एकच.

बंगळूर शहराला नळाने मिळणारे कावेरीचे गोडे पाणी सुमारे शंभर किलोमीटरांवरून येते आणि पंपांनी जवळजवळ पाचशे मीटर वर चढवावे लागते. जी उंची हे पाणी वर आणताना इतकी वीज खाते, तीच उंची ते उकळताना तीन अंशांची सूट देऊन टाकते. हा व्यवहार काही फायद्याचा नव्हे.

पुढे दह्याची गोष्ट झाली. दूध कोमट करून त्याने विरजण लावले, डिसेंबरचे दिवस होते, आणि सकाळी पाहिले तो दूधच. कोकणात रात्रभर उबेत राहणारे भांडे पठारावरच्या थंडीत गारठले होते. दह्यातील जिवाणूंना चाळीस अंशांच्या आसपासची ऊब मानवते. पंधरा-सोळा अंशांत ते मरत नाहीत, नुसते स्वस्थ बसतात. अज्जींनी पुन्हा आपल्या घरचे चमचाभर दही दिले आणि भांडे जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवायला सांगितले. दुसऱ्या दिवशी कवडी दही लागले. ते विरजण अज्जींकडे कोठून आले, तर त्यांच्या माहेरच्या शेजारणीकडून. तिच्याकडे कोठून, ते कुणास ठाऊक. दररोज एक चमचा मागे ठेवायचा, एवढ्या एका शिस्तीवर तो वंश चालत आला होता. आता तो एका परक्या मुलाच्या खोलीत चालू लागला.

अशा गोष्टींना मग अंत राहत नाही. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो आटून न जाता मोत्यासारखा इकडून तिकडे पळतो, स्वतःच्याच वाफेच्या गादीवर बसून. लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन वैद्याने १७५६ मध्ये याचे वर्णन केले. फुलका फुगतो, कारण पाण्याची वाफ झाली की तिला सोळा-सतराशे पट जागा लागते. हळदीचा डाग साबणाने लाल होतो. हे सर्व त्या तरुणाच्या आईच्या घरीही रोज होतच होते. फक्त तयार पान वाढून समोर येत असल्यामुळे त्याच्यापर्यंत ते कधी पोचले नव्हते.

येथे एका गोष्टीची भूल पडू नये. एका माणसाचे, दिवसातून एक वेळचे जेवण करताना तव्यावरचा थेंब पाहत उभे राहायला सवड असते. आठ माणसांचे दोन वेळचे रांधणारी, मुलांची शाळा आणि सासऱ्यांचे पथ्य सांभाळणारी बाई त्या थेंबाकडे पाहते ती तवा तापला की नाही एवढे समजून घेण्यासाठी. तिला नवल वाटत नाही असे नाही. नवल वाटून घ्यायला तिला उभे राहू दिलेले नाही. तिने जे ओळखले ते ‘अंदाज’ या एका शब्दात कोंबून ठेवले गेले, आणि अंदाज म्हटला की त्यामागे काही विद्या असेल असे घरातील पुरुषांना वाटले नाही. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये आले, त्याने तो अंदाज वाटी-चमच्यांच्या मापात मोजून दिला आणि कितीतरी नवशिक्यांचे हात धरले. परंतु वाटी आणि चमचा कोठेही सारखेच भरतात. चूल किती उंचीवर पेटली आहे, हे कोणत्याही पाककृतीत लिहिलेले नसते.

उन्हाळ्यात आई मुलाकडे चार दिवस आली. येताना आमसुले, कुळथाचे पीठ आणि उकडे तांदूळ घेऊन आली. पहिल्याच सकाळी तिने शेगडीचा ताबा घेतला, पेरांनी पाणी मोजले, आधण आल्यावर तांदूळ वैरले. सत्त्याण्णव अंशांची सारी हकीकत तिला सांगावी म्हणून मुलगा शेजारी येऊन उभा राहिला. ठरल्या वेळी तिने डावाने चार शिते काढली, बोटांत दाबून पाहिली आणि म्हणाली, “इथं वेळ लागतोय रे.” अर्धी वाटी गरम पाणी तिने वरून घातले, झाकण ठेवले, आच मंद केली आणि कोथिंबीर निवडायला बसली. तापमापक त्याच्या हातातच राहिला.

जेवताना तिने विचारले, दही कुणाचे? खालच्या अज्जींच्या विरजणाचे, तो म्हणाला. चौथ्या दिवशी निघताना तिने एक झाकणाची डबी मागून घेतली आणि त्यातले दोन चमचे दही देवगडला नेण्यासाठी आपल्या पिशवीत, लुगड्याच्या घडीत, उभे करून ठेवले.