समन्सापूर्वीं

इंदापूरच्या एखाद्या गृहस्थानें बारामतीच्या दुकानदारावर अब्रुनुकसानीची फिर्याद गुदरली, तर न्यायदंडाधिकाऱ्यांनीं लागलीच समन्स काढावें काय? नाहीं. आधीं फिर्यादी व हजर साक्षीदार यांची शपथेवर जबानी होते. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचें कलम २२३ तर म्हणतें, दखल घेण्यापूर्वीं आरोपीसही म्हणणें मांडूं द्यावें. आरोपी त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर राहात असेल, तर समन्सापूर्वीं चौकशी वा तपास आवश्यकच. दूरस्थ माणसास केवळ छळण्यासाठीं फिर्यादी होत, म्हणून हा दंडक २००६ पासून जुन्या संहितेंतही होता. खऱ्या फिर्यादीस हा विलंब जाचतो. तरी दुकान बंद ठेवून तारखांस हेलपाटे घालणाऱ्याचा विचार मला अधिक निकडीचा वाटतो. पुरेसा आधार न दिसल्यास दंडाधिकारी कारणें नमूद करून फिर्याद काढून टाकतात.