निर्मळ पाणी आणि निर्दोष पाणी

पेला उजेडाकडे धरून पाणी पारखण्याची रीत फार जुनी आहे. गढूळ दिसलें तर टाकावें, स्वच्छ दिसलें तर प्यावें. हा डोळ्यांचा निवाडा किती फसवा असतो, हें १८९२ सालीं जर्मनींतील दोन शेजारी शहरांच्या अनुभवानें जगास कळलें.

एल्ब नदीच्या कांठचीं हांबुर्ग आणि अल्टोना हीं शहरें इतकीं लागून होतीं कीं, कांहीं ठिकाणीं त्यांची शीव म्हणजे केवळ एक रस्ता असे. आज अल्टोना हांबुर्गांतच सामावलें आहे. त्या वेळीं दोहोंचा कारभार निराळा होता. हांबुर्ग मोठें, श्रीमंत आणि व्यापारी. त्याचें पाणी शहराच्या वरच्या अंगास नदींतून घेत, हौदांत थोडा वेळ निवळूं देत आणि तसेंच घरोघर सोडीत. गाळण्याची सोय करण्याचा विचार वर्षानुवर्षें लांबणीवर पडत गेला होता. अल्टोनाचें पाणी खालच्या अंगाचें. म्हणजे हांबुर्गची सारी घाण ज्या प्रवाहांत मिसळली, त्याच प्रवाहाचें. परंतु तें वाळूच्या थरांतून गाळून देण्याची व्यवस्था तेथें १८५९ पासून होती.

१८९२ च्या ऑगस्टांत पटकी उद्भवली. हांबुर्गांत साडेआठ हजारांहून अधिक माणसें दगावलीं. अल्टोनांत त्या मानानें फारच थोडीं. शिवेच्या रस्त्यावर एका बाजूच्या घरांत पटकी, समोरच्या घरांत नाहीं! हांबुर्गच्या हद्दींतील एका वस्तीस अल्टोनाचें पाणी मिळत होतें, तीहि बचावली. माती तीच, हवा तीच. फरक होता तो नळाचा.

ज्या रॉबर्ट कॉखनें १८८४ मध्यें कलकत्त्याच्या एका तळ्यांत पटकीचे जंतु दाखवून दिले होते, त्याच्या मतास हा भक्कम आधार मिळाला. म्यूनिकच्या पेटेनकोफरला मात्र तें पटेना. त्यानें त्याच वर्षीं ऑक्टोबरांत पटकीच्या जंतूंचें पाणी सर्वांसमक्ष पिऊन टाकलें, आणि थोड्याशा हगवणीवर तो सुटला. धाडस मोठें, पण हजारों प्रेतांपुढें एका माणसाचें पोट हा पुरावा लंगडाच.

वाळू हें काम करते तरी कसें? वाळूच्या कणांमधील फटी जंतूच्या मानानें प्रचंड असतात. नुसत्या चाळणीनें तो अडणार नाहीं. पाणी संथपणें झिरपूं लागलें म्हणजे कांहीं दिवसांत वाळूच्या पृष्ठावर शेवाळ आणि सूक्ष्म जीव यांचा बुळबुळीत पापुद्रा धरतो. तो जिवंत असतो; पाण्यांतील जंतु त्यांत अडकतात आणि फस्त होतात. दिसायला किळसवाणा असा हा थरच अल्टोनाचा खरा पहारेकरी. घाईनें पाणी ओढलें किंवा पापुद्रा मोडला कीं पहारा सुटतो. १८९३ च्या हिवाळ्यांत अल्टोनाच्या एका गाळणहौदाची वाळू साफसफाईच्या वेळीं गोठली, आणि तेथेंहि थोडी पटकी झाली. पाणी ताशीं १०० मिलिमीटरहून अधिक वेगानें वाळूंतून उतरूं नये, असा दंडक कॉखनें घातला. हांबुर्गनेंहि १८९३ मध्यें गाळलेलें पाणी देण्यास आरंभ केला.

ही पद्धत उत्तम, पण जागा फार खाते, आणि अतिशय गढूळ पाण्यापुढें हात टेकते. तेथें पाण्यांत तुरटी घालून मातीचे बारीक कण एकत्र आणतात, त्यांचे झुबके तळाशीं बसवितात, उरलेलें पाणी जलद गाळणींतून काढतात आणि शेवटीं क्लोरीन देतात. सबंध शहराच्या पाण्यास नित्य क्लोरीन देण्याचा अमेरिकेंतील पहिला प्रयोग १९०८ सालीं जर्सी सिटीसाठीं झाला. हा क्रम उलटून चालत नाहीं. गढूळ पाण्यांत कणांच्या आड लपलेला जंतु क्लोरीनला सांपडत नाहीं. कांहीं जीव तर क्लोरीनला दादच देत नाहींत. १९९३ मध्यें अमेरिकेंतील मिलवॉकी शहरांत असाच एक परोपजीवी जीव गाळणींतून निसटला आणि सुमारे ४ लाख माणसें आजारी पडलीं.

एवढी यातायात करण्यापेक्षां जमिनीच्या पोटांतील पाणीच कां घेऊं नये? बंगालच्या खेड्यांत हाच विचार झाला. तळ्यांच्या पाण्यानें मुलें हगवणीनें दगावत. म्हणून १९७० नंतरच्या दशकांत बांगलादेशांत लाखों कूपनलिका खणल्या गेल्या. हापशाचें पाणी गार, स्वच्छ, जंतूंपासून बव्हंशीं मुक्त. परंतु त्यांत सोमल होता. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. वर्षानुवर्षें पोटांत गेल्यावर अंगावर काळे ठिपके उमटतात, तळहातांवर व तळपायांवर खरखरीत गांठी येतात, आणि पुढें कर्करोगहि उद्भवतो. पश्चिम बंगालमध्यें १९८३ मध्यें आणि बांगलादेशांत १९९३ मध्यें या पाण्याचा उलगडा झाला. जागतिक आरोग्य संघटनेनें सुचविलेली मर्यादा लिटरमागें अवघी ०.०१ मिलिग्रॅम आहे. असें पाणी उकळणें व्यर्थ; वाफ उडते आणि सोमल मागें राहतो.

नदीच्या गाळांत हा सोमल लोखंडाच्या गंजाला चिकटलेला असतो. खोल, जेथें प्राणवायु पोंचत नाहीं तेथें, गंज विरघळतो आणि सोमल पाण्यांत सुटतो. उपायहि याच गुणांतून निघाला: पाण्याला पुन्हां गंज भेटवावा, म्हणजे सोमल त्याला चिकटेल. मूळचे तेथीलच रसायनज्ञ अबुल हुसाम यांनीं लोखंडाचा चुरा आणि वाळू यांची घरगुती गाळणी रचली. तिला २००७ मध्यें अमेरिकेंत मोठें पारितोषिक मिळालें. पण अशा गाळणीची शक्ति केव्हां संपली, हेंहि नुसतें पाहून कळत नाहीं. पाणी वेळोवेळीं तपासावें लागतें.

या शतकाच्या आरंभीं बांगलादेशांत सुमारे ५० लाख कूपनलिका तपासून हापशांना रंग दिला गेला. निर्धोक ते हिरवे, सोमलाचे ते तांबडे. तांबडे सुमारे १४ लाख निघाले. पुढें रंग उडाले, आणि तपासल्यावांचून नव्या कूपनलिकाहि खणल्या गेल्या. ज्या घरचा हापसा तांबडा ठरला, तेथील कित्येक बायका कळशी घेऊन शेजाऱ्याच्या हिरव्या हापशावर जाऊं लागल्या. हिरवा हापसा जवळपास नव्हता तेथें तांबड्याचेंच पाणी भरलें जाई.